चंदर सईस आणि कापरीची जार

चंदर सोनावळे आमच्या स्टडवर बत्तीस वर्षं सईस होता. मी त्याच स्टडवर घास कापायला होतो, एकोणतीस वर्षं. घास म्हणजे लसूणघास. पहाटे विळ्याने दोन वाफे कापायचे, भारे बांधायचे, टेंपोत टाकायचे आणि आठच्या आत प्रत्येक घोडीच्या दाराशी पोचवायचे. घोड्यांना मी खायला घातलं. त्यांना हात लावणं चंदरचं काम.

स्टड चौक गावाच्या अलीकडे, जुन्या हायवेपासून दीड किलोमीटर आत. शर्यतीची घोडी इथे धावत नाहीत. इथे त्यांची पैदास होते. घोडी अकरा महिने गाभण राहते, जानेवारी ते एप्रिल व्यायचा हंगाम, आणि शिंगरू दीड वर्षाचं झालं की शर्यतीच्या तयारीला बाहेर जातं. तोवर त्याचं सगळं सईसाच्या हातात.

चंदर लोधिवलीचा. सोळाव्या वर्षी कामाला आला. पहिली तीन वर्षं त्याने फक्त लीद काढली. चौथ्या वर्षी त्याच्या हातात खरारा दिला. बाकीचे सईस वीस मिनिटांत घोडी घासून मोकळे होत. चंदरला चाळीस लागायची, दोन्ही हातांनी. शेवटी पांढरा रुमाल पाठीवरून फिरवायचा आणि तो पांढरा राहिला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. ओट मोजून घालायच्या आधी त्यात कोपरापर्यंत हात घालायचा. आतून ऊब लागली तर ते पोतं परत. घोडीने मूठभर दाणा टाकला तर का टाकला, ते डॉक्टर यायच्या आत त्याला कळलेलं असायचं.

माथेरानचे घोडेवाले कधीमधी आमच्या नालबंदाकडे उतरायचे. त्यांतला एक जण एकदा म्हणाला, "तुमच्या घोडीला ओट मोजून, कोंडा भिजवून. आमचं घोडं पावण्याच्या हातची भेळ खाऊन डोंगर चढतंय."

"म्हनून तर पादत पादत चढतंय," चंदर म्हणाला. खराऱ्यावरचा हात थांबला नाही.

कापरी ही त्याची सगळ्यात जवळची घोडी. कागदावर तिचं नाव कॉपर बेल. आमच्यात कापरी. तांबूस अंग, कपाळावर बोटाएवढी पांढरी रेघ. दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात ती व्यायली आणि तिला दूधच उतरलं नाही. चंदरने शिंगराला दर दोन तासांनी बाटलीने पाजलं. अकराव्या दिवशी ते त्याच्या मांडीवर गेलं. मागच्या हंगामात ती पुन्हा गाभण राहिली, यंदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात व्यायला आली, आणि चंदरच्या डोक्यात एकच गोष्ट होती. दूध.

इथे जारेबद्दल सांगायला हवं. जार म्हणजे शिंगराभोवतीची पिशवी. शिंगरू पडलं की तीन तासांत तीही पडायला हवी आणि पूर्ण पडायला हवी. म्हैस चार दिवस जार लोंबकळत घेऊन चरते, तिला फारसं काही होत नाही. घोडीचं तसं नाही. तळहाताएवढा तुकडा आत राहिला तरी सडतो, त्याचं विष रक्तात जातं आणि खुरांत उतरतं. म्हणून स्टडचा नियम पक्का. जार सिमेंटच्या ओट्यावर पसरायची. ती पायजम्यासारखी असते, दोन पायांची. वरून दोन बादल्या पाणी ओतायचं. पाय फुगतात. टोकाला भोक असेल तर पाणी तिथून गळतं, म्हणजे टोक आत राहिलं. नंतर ती झाकून ठेवायची, डॉक्टरने बघितली की खड्ड्यात चुना घालून पुरायची. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. दोन बादल्या हापशावरून आणाव्या लागतात, हापसा साठ पावलांवर.

कापरी सोमवारी पहाटे चारला व्यायली. मी सहाला घासाच्या वाफ्यावर गेलो, तर बांधावरच्या उंबराखाली चंदर शिडी लावून उभा. हातात गोणपाटाचं बोचकं, त्यातून पाणी ठिबकत होतं.

"काय रं टांगतोस?"

"जार. कापरीची. शिंगरी झाली, चांगली दांडगी हाय."

"डॉक्टर मॅडमनी बघितली?"

"त्या अकराला येनार. मी बघितली नं."

"घोडीची जार कोन टांगतंय रं?"

"आमच्या आयनं म्हशीची जार कदी जमिनीत घातली नाय. चिकाच्या झाडाला बांधायची. झाडाला चीक, तसं थानाला दूध. पुरली की आटलं."

"आता देवधर्म करायला लागलास?"

"यात देव कुठं आला? झाड हाय आन दूध हाय." तो गाठ मारून खाली उतरला. "तुला वाफा कापायचा हाय तो काप."

"पानी वतलंस का?"

"दोन्ही पाय बघितले हातानं. पानी कशाला?"

मी वाफा कापायला लागलो.

त्या दोन रात्रींत तीन घोड्या व्यायल्या होत्या आणि चंदर झोपलेला नव्हता, हे खरं आहे. हेही खरं, की एकशेवीस पावलं जाऊन-येऊन होतात आणि ती त्याने टाकली नाहीत.

नऊ वाजता उंबरावर कावळे जमले. साडेदहाला गोणपाट फाटलं होतं. बारानंतर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पद्मजा मॅडम अकराला आल्या. त्या कर्जतच्या, वय पस्तिशीच्या आत, चार स्टडची जनावरं बघतात. त्यांनी शिंगरी बघितली, कापरीचा ताप घेतला. मी दाराशी भारे उतरवत होतो.

"काका, जार?"

"पूर्न होती. पुरली."

मॅडमनी मान डोलावली. चंदरने बघितली म्हणजे बघितली, हे सगळ्या स्टडला माहीत होतं. बत्तीस वर्षांत त्याचा शब्द कधी खोटा पडला नव्हता. मॅडम गेल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीही भारे मोजत राहिलो. मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

दूध मात्र उतरलं. कापरीची थानं टचटचीत, शिंगरीचं तोंड फेसाने भरलेलं. दुपारी चंदर मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेला.

"बघ. आमच्या आयची विद्या."

मंगळवारी सकाळी कापरीने अर्धे ओट टाकले. चंदरने घमेलं उचललं, वास घेतला, परत खाली ठेवलं. ओट चांगले होते. दुपारी ताप एकशे तीन. मॅडम धावत आल्या. पोटाला कान लावला, छाती तपासली.

"काका, नीट आठवून सांगा. जार पूर्ण होती ना?"

"होती, मॅडम."

बोलताना तो कापरीच्या गुडघ्यांकडे बघत होता. मॅडमनी त्याचा शब्द धरला आणि रोग दुसरीकडे शोधला. तापाचं इंजेक्शन दिलं, रक्त तपासायला पाठवलं. तो दिवस असा गेला.

बुधवारी सात वाजता मी घास घेऊन गेलो तेव्हा कापरी मागे रेलून उभी होती. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे, वजन मागच्या पायांवर. एक पाय उचलायची, ठेवायची, दुसरा उचलायची. मी वाकून खुराला हात लावला. चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या टोपासारखं खूर तापलं होतं. वरच्या शिरेत ठोका उडत होता, बोटाला धक्का लागावा एवढा.

चंदर कोपऱ्यात शिंगरीला धरून बसला होता.

"सांग त्यांना," मी म्हणालो.

"काय सांगू?"

"तुला म्हाईत हाय."

"कामावरनं काढतील."

"काढू देत. ती मरंल."

"भिवाजी, बत्तीस वर्सं झाली रं. मॅडम मला काका म्हन्तात."

"तू जातोस का मी जाऊ?"

तो उठला. शिंगरी त्याच्या मागे दारापर्यंत आली. तिला आत ढकलून त्याने कडी लावली आणि ऑफिसकडे चालू लागला. मॅडम आणि देवव्रतसाहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, दोघंही तिथे होते. मी दाराबाहेर थांबलो. चंदरने सगळं सांगितलं. उंबर, गोणपाट, न ओतलेलं पाणी, दोनदा बोललेलं खोटं. काहीही वगळलं नाही.

साहेब उभे राहिले. मॅडमनी हात केला, थांबा. त्यांनी फक्त विचारलं, "किती तास झाले?"

"बावन्न."

"कालच सांगितलं असतंत, काका..." त्या हातमोजा चढवत बॉक्सकडे, म्हणजे कापरीच्या खोलीकडे गेल्या.

तुकडा निघाला. माझ्या तळहाताएवढा, काळपट, उभं राहवेना असा वास. पायजम्याच्या एका पायाचं टोक. मग कोमट मिठाचं पाणी नळीने आत सोडायचं, बाहेर काढायचं, पुन्हा सोडायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत सतरा बादल्या लागल्या. त्या सतराही चंदरने आणल्या, दुसऱ्याला हात लावू दिला नाही.

"आता बर्फ," मॅडम म्हणाल्या. "चारही पाय गुडघ्याखाली बर्फात. तीन दिवस. पाच मिनिटंसुद्धा उघडे नकोत."

"साहेब, माजं काय ते..." चंदर बोलायला लागला.

"ते नंतर," साहेब म्हणाले. "आधी बर्फ."

खोपोलीच्या बर्फाच्या कारखान्यातून मी लाद्या आणायला लागलो. टेंपोत खाली भुसा, वर लाद्या, त्यावर ओली पोती. मार्चचं ऊन असं की आठ लाद्या भरल्या तर सहा पोचायच्या. दिवसाला तीन फेऱ्या. टबात पाय ठेवला तर कापरी तो बाहेर काढायची. चंदरने ट्रकच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापले, बुटासारखे पायात चढवले, खाली दोरीने आवळले आणि वरून बर्फ भरला. एका पायाला दोन घमेली. पाऊण तासात पाणी व्हायचं. मग दोरी सोडायची, पाणी काढायचं, पुन्हा भरायचं. चौथा पाय भरून होतो तोच पहिल्याची वेळ. तो हे हाताने करत होता. घमेल्याने ओतला तर बर्फ खुराशी बसत नाही, हाताने दाबावा लागतो.

बुधवारी दुपारी त्याची बायको चंद्रभागा डबा घेऊन आली. ती मोहोपाड्याला कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. तिला गावात कुणीतरी सांगितलं होतं. दाराशी उभी राहून तिने आधी घोडीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"सासूबाईंची म्हस आन ही घोडी एक हाय का वो?"

चंदर बर्फ दाबत राहिला.

"माज्या बाळंतपनात मला ताप भरला तवा दोन दिवस घराकडं फिरकला नाय. हितं मात्र बसलाय पाय चेपत."

"डबा ठेव आन जा."

ती गेली नाही. पदर खोचला, कोपऱ्यातला दगड घेतला आणि लादी फोडायला बसली. संध्याकाळपर्यंत फोडत होती. जाताना म्हणाली, "दोन घास खा. तुमी पडलात तर तिला कोन बगनार?" गुरुवारी कँटीनला दांडी मारून ती सकाळीच परत आली.

गुरुवारी ताप उतरला. कापरीने थोडा ओला कोंडा खाल्ला. शिंगरी पीत होती, कारण दूध अजून येत होतं. चंदरला वाटलं, वाचली. मलाही तसंच वाटलं. तो बर्फ भरता भरता तिच्याशी बोलायला लागला. आता पाऊस लागायच्या आत तू मोकळ्या कुरणात, शिंगरी मागं, असं काहीबाही.

शुक्रवारी सकाळी तिने उभं राहणं सोडलं. आडवी पडली आणि उठायला बारा मिनिटं लागली. उठल्यावर सगळं अंग थरथरत होतं. एक्स-रेवाला पनवेलहून आला. मॅडमनी चित्र लॅपटॉपवर उघडून चंदरला दाखवलं. खुराच्या आतलं हाड आपली जागा सोडून खाली सरकलं होतं. पुढच्या दोन्ही पायांत. त्यातल्या एकात तळवा फाडून बाहेर यायला जेमतेम नखाएवढी जागा उरली होती.

"नालबंदाला बोलवू," चंदर म्हणाला. "नाल उलटी मारू. खाली लाकडाची पट्टी देऊ. मागं त्या दुसऱ्या घोडीला असंच केलं होतं, ती चालली."

"तिचं हाड इतकं सुटलं नव्हतं, काका."

"बर्फ अजून दोन दिस ठेवतो."

"बर्फाचं काम संपलं."

"मग झोळी बांधू. छताला. पायावर वजनच येऊ द्यायचं नाय. शिंगरी तीन महिन्यांची होईस्तोवर, मॅडम. तीनच महिने."

"काका, ती तीन तास उभी राहू शकत नाही."

त्याने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मालकांना फोन लावला होता. ते बोलून परत आले आणि म्हणाले, "उद्या सकाळी दहा." मग थोडं थांबून, "चंदर, व्यायच्या घोड्यांना तू आता हात लावायचा नाहीस. लीद काढशील तर काम आहे."

"काढीन," तो म्हणाला. ते त्याला नीट ऐकू गेलं होतं का, मला माहीत नाही. तो परत बॉक्समध्ये गेला आणि ट्यूबमध्ये बर्फ भरायला लागला. मॅडमनी बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

शनिवारी जेसीबीने तबेल्यामागे खड्डा खणला. बॉक्सच्या दारापासून अडतीस पावलं. मॅडमना शेवटचं इंजेक्शन बॉक्समध्येच द्यायचं होतं. चंदर म्हणाला, मग साखळी बांधून दारातून ओढावी लागंल, बाजूला दोन गाभण घोड्या बघत ऱ्हातील. ते खरं होतं. मॅडमनी पाय बधिर करायची इंजेक्शनं दिली. तरी कापरी दारातून बाहेर यायला तयार नव्हती. मी मोरकी धरून ओढलं, साहेबांनी मागून ढकललं. तिने पाय रोवले.

"सोडा," चंदर म्हणाला. "शिंगरीशिवाय ती पाय टाकनार नाय."

त्याने शिंगरीला एक हात छातीखालून, एक मागून असं कवेत धरलं आणि कापरीच्या तोंडापुढे नेलं. कापरीने तिचा वास घेतला. चंदर शिंगरीला घेऊन उलटा चालायला लागला, तोंड कापरीकडे. कापरीने पाऊल टाकलं.

अडतीस पावलांना सव्वीस मिनिटं लागली. तिची पावलं आखूड, म्हणून ती अडतीसापेक्षा कितीतरी जास्त टाकावी लागली. प्रत्येक पावलाला ती थांबायची, कण्हायची. चंदर शिंगरीला हातभर मागे न्यायचा. कापरी मान लांब करायची आणि पुढचं पाऊल टाकायची. तो तिच्याशी बोलत नव्हता. मोरकी माझ्या हातात होती, तिला ताण द्यायची एकदाही गरज पडली नाही. मध्येच मॅडम म्हणाल्या, "काका, पुरे. इथेच करू." चंदरने मान हलवली आणि अजून हातभर मागे गेला. उतार होता तिथे शिंगरीने थानाकडे जायला धडपड केली. त्याने तिला जाऊ दिलं. सगळे उभे राहिले. ती पोटभर प्यायली. मग राहिलेली अकरा पावलं.

खड्ड्याच्या काठावर मॅडमनी मानेतली शीर धरली. "शिंगरीला घेऊन जा तुम्ही."

"तिच्या नजरेसमोर ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. तो तसाच पुढ्यात उभा राहिला, शिंगरी कवेत. कापरीचे गुडघे दुमडले, ती एका बाजूला गेली. अर्ध्या मिनिटाचं काम.

शिंगरी मग ओरडायला लागली. तबेल्यातल्या सगळ्या घोड्या उत्तर द्यायला लागल्या. चंदर तिला उचलून बॉक्समध्ये घेऊन गेला. पाच दिवसांची शिंगरी चाळीस-पन्नास किलोची असते. त्याने ती एकट्याने नेली.

मॅडमनी माथेरानला, नेरळला, दोन स्टडना फोन केले. दुसरीच्या पोराला पाजील अशी दुधाची घोडी कुठेच मोकळी नव्हती. म्हणजे बादलीने पाजणं आलं. दूध पावडर कोमट पाण्यात कालवली. शिंगरू थानाची सवय असलेलं, बादलीत तोंड घालत नाही. त्यासाठी आपली दोन बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायची. ते चोखायला लागलं की बोटं हळूहळू बादलीत खाली न्यायची. लीद काढायला सांगितलेल्या माणसालाच हे काम द्यावं लागलं, कारण तसं दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

चंदर भिंतीला टेकून बसला. मी बादली धरली. त्याने बोटं दुधात घातली आणि तिच्या तोंडात दिली. शिंगरीने मान झटकली. पुन्हा दिली. पुन्हा झटकली. असं पुष्कळ वेळा झालं. ती दमली, तेव्हा तोंड बोटांवर थांबलं.

चंदर मान वाकडी करून बघायला लागला. तीन दिवस बर्फ दाबून त्याची बोटं पांढरी पडली होती. टोकांची कातडी फुटली होती. त्याने बोटं थोडी हलवली, मग माझ्याकडे बघितलं.

"भिवाजी, वडतीय का रं ती? मला कायच कळंना बोटांना."

मी खाली वाकून बघितलं. शिंगरीची जीभ त्याच्या बोटांभोवती वळली होती. गालफड आत जात होतं, बाहेर येत होतं. अगदी हळू.

"वडतीय," मी म्हणालो. "खाली ने. खाली. अजून. आता दुधाला लागली."

"गिळतीय का?"

"गिळतीय."

दोन लिटर संपायला सव्वा तास लागला. तेवढा वेळ तो विचारत राहिला आणि मी सांगत राहिलो. मग त्याने रिकामी बादली हापशावर नेऊन घासली आणि पुढच्या दोन तासांचं पाणी तापत ठेवलं.